दोन घरचा पाहुणा
(नगर जिल्ह्यातील विद्यार्थी-खेळाडूंची परंपरा आणि त्यांची विवंचना)

पंधराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अहमद निजामशहाने सीना नदीच्या काठी जे नगर वसविले, त्याविषयी फिरिश्ता या इतिहासकाराने एक मार्मिक तक्रार नोंदून ठेविली आहे. फिरिश्त्याचे बालपण याच नगरात गेले. तेव्हा त्याचे म्हणणे परक्याचे म्हणून सोडून देता येत नाही. तो सांगतो त्याचा आशय असा : शहास एकेकट्याने तलवारीची झुंज खेळण्याचा मोठा षोक. राजाचा षोक तो प्रजेचा षोक, या न्यायाने तरुण मंडळी त्या विद्येच्या मागे लागली, आणि इतर शहरांतून जेथे मदरसे दिसावयाचे, तेथे या शहरात गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या. चार माणसे जमली की गोष्ट निघे ती डावपेचांची. या झुंजींत जीवही जात.

फिरिश्त्याची ही तक्रार वाचली म्हणजे आम्हांस हसू येते आणि थोडा विचारही पडतो. पुस्तक आणि आखाडा यांचा तंटा आपल्या जिल्ह्यात शहराइतकाच जुना आहे, हे त्यावरून दिसते. त्या काळी मात्र हा तंटा निरनिराळ्या माणसांमध्ये होता. मदरशात जाणारा एक आणि तालमीत जाणारा दुसरा. एकाच मुलाने दोन्हीकडे हजेरी लावावी, अशी अपेक्षा कोणीच करीत नसे. ती अपेक्षा उत्पन्न झाली इंग्रजी शाळा आल्यावर. आणि तेव्हापासून विद्यार्थी-खेळाडू नावाचा प्राणी जन्मास आला. त्याची कथा सांगावयाची तर आपल्या भाषेतील एक जुनी म्हण पुरेशी आहे : दोन घरचा पाहुणा उपाशी. शाळेला वाटते, याला तालीम जेवू घालते. तालमीला वाटते, याची काळजी शाळा वाहते. पुढील मजकुरात आम्ही या पाहुण्याच्या उपासाचाच इतिहास पाहणार आहोत, आणि तोही बऱ्याच अंशी शब्दश:, म्हणजे दुधातुपाचा.

अमेरिकन मिशन नगरास १८३१ साली आले आणि त्यामागून शाळा आल्या. सरकारी शाळा आल्या, खाजगी संस्था निघाल्या, मॅट्रिक ही परीक्षा घराघरांत परिचयाची झाली. ज्ञातिज्ञातींनी आपापली वसतिगृहे काढली ती याच परीक्षेसाठी. खेड्यातील हुशार मुलगा शहरात यावा, दोन वेळा जेवावा, कंदिलाच्या उजेडात वाचावे आणि पास व्हावे, हा त्यांचा हेतू. आणि तो त्यांनी उत्तम प्रकारे सिद्धीस नेला. आपल्या ज्ञातीत आज जे डॉक्टर, वकील, अभियंते, शिक्षक आहेत, त्यांपैकी कितीतरी घराण्यांचा पहिला शिकलेला पुरुष अशाच एखाद्या वसतिगृहाच्या पंगतीला जेवलेला आहे. हे ऋण आम्ही विसरलेलो नाही. परंतु या व्यवस्थेत एक अट गृहीत होती : मुलाने नापास होता कामा नये. शाळेत नादारी मिळे ती पास होणाऱ्यास. एक वर्ष बुडाले की नादारी गेली, नादारी गेली की शाळा गेली, आणि मुलगा पुन्हा नांगरामागे.

येथे लोकमान्यांची आठवण सहज होते. डेक्कन कॉलेजात १८७३ साली दाखल झाल्यावर प्रकृती अशक्त आहे असे पाहून टिळकांनी पहिले वर्ष जवळजवळ संपूर्ण व्यायामाला वाहिले. जोर, कुस्ती, पोहणे यांत ते वर्ष गेले आणि परीक्षा हातची गेली. पुढे तुरुंगवास सोसणारी काया त्या वर्षाने घडविली, असे आपण अभिमानाने सांगतो व ते खरेही आहे. पण वडिलांनी मागे ठेवलेली थोडीफार पुंजी टिळकांजवळ होती, म्हणून ते वर्ष त्यांना परवडले. नादारीवर शिकणाऱ्या मुलाने हाच प्रयोग केला असता तर त्याची आख्यायिका झाली नसती. शाळेच्या पटावरून त्याचे नाव तेवढे कमी झाले असते.

ज्यांनी तालीम जवळून पाहिली नाही अशा वाचक भगिनींसाठी व नव्या पिढीसाठी, शाळकरी मल्लाचा दिवस कसा जातो ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. पहाटे चार-साडेचारला उठावयाचे. आखाड्याची माती फावड्याने उकरून भुसभुशीत करणे हे धाकट्या मुलांचे काम. मग धावणे, जोर, बैठका, आणि त्यानंतर वस्तादाच्या नजरेखाली लढती. हे सारे आटोपेपर्यंत उन्हे वर येतात. घरी जनावरे असतील तर वैरणपाणी पाहावे लागते. अकरा ते पाच शाळा. शाळा सुटली की पुन्हा तालीम. रात्री जेवण झाल्यावर पुस्तक उघडावे तो डोळे मिटतात. आणि ते मिटू न द्यावे तर पहाटेची मेहनत अंगी लागत नाही. वस्ताद म्हणतो, झोप हा अर्धा खुराक. मास्तर म्हणतात, झोप हा अभ्यासाचा शत्रू. दोघेही आपापल्या परीने बरोबरच असतात, आणि मधल्यामध्ये मुलाचे मरण होते.

आता उरलेला अर्धा खुराक. दूध, तूप, बदाम, थंडाई, ऋतुमानाप्रमाणे फळे, आणि ज्यांच्या घरी चालते तेथे अंडी व मटण. मेहनत वाढली की हे सारे त्याच प्रमाणात वाढले पाहिजे. न वाढले तर शरीर कमावण्याऐवजी झिजते. पूर्वी घरचे दूध घरात राही. सहकारी दूध संस्था गावोगाव झाल्या आणि दुधाचे सकाळ-संध्याकाळ रोख पैसे होऊ लागले, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठीच सोय झाली. पण तेव्हापासून प्रत्येक चरवी घराच्या उंबरठ्यावर क्षणभर थांबते : डेअरीला की पोराला? ज्या घरात धाकटीची फी, म्हातारीचे औषध आणि सोसायटीचा हप्ता याच दुधावर चालतो, तेथे पोराच्या वाट्याला काय येत असेल, ते सांगावयास नको.

या अडचणीवर जुन्या समाजाने एक तोड काढली होती, ती म्हणजे जत्रेचा फड. रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून आरंभ करावा, मग नारळ, मग रोख इनाम. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा भरतात आणि होतकरू मल्ल एका फडावरून दुसऱ्या फडावर जाऊन वर्षाच्या खुराकाची बेगमी करतो. पण शाळेच्या व महाविद्यालयाच्या स्पर्धा होतात गादीवर, आणि जत्रेच्या कुस्त्या होतात मातीत. गादीवर गुण मोजले जातात, घड्याळ असते, पवित्रा निराळा असतो. पोट भरते मातीत, प्रमाणपत्र मिळते गादीवर. म्हणून आजच्या विद्यार्थी-मल्लाला दोन विद्या शिकाव्या लागतात. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात. ही स्पर्धा अलीकडे अहिल्यानगर येथे २०२५ च्या जानेवारीअखेर व फेब्रुवारीच्या आरंभी झाली. (जिल्ह्याचे व शहराचे नाव २०२४ साली अधिकृतपणे बदलले, तत्पूर्वीच्या काळाविषयी लिहिताना आम्ही जुनेच नाव ठेविले आहे.) त्या वेळी पंचांच्या निर्णयावरून जो गोंधळ उडाला, त्याचीच चर्चा गावोगाव झाली. ज्या गटांतून शाळा-महाविद्यालयांची मुले लढून गेली, त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

शाळेने शरीराकडे पाठ फिरविली होती, असे मात्र म्हणता येणार नाही. मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत स्वामी कुवलयानंदांच्या मार्गदर्शनाने शारीरिक शिक्षणाची योजना झाली, १९३८ साली कांदिवलीस शिक्षकांसाठी संस्था निघाली आणि पुढे माध्यमिक शाळांतून शिकलेले शारीरिक शिक्षक येऊ लागले. कवायत आली, तास आला. खुराक मात्र आला नाही. तो वेळापत्रकात मावणारा विषय नव्हता.

दोन्ही घरांचा यजमान एकच असला म्हणजे काय होते, हे पाहावयाचे तर आपल्या जिल्ह्याबाहेर, कोल्हापुरास जावे लागते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढविली, आणि त्याच छत्रपतींनी १९१२ साली खासबागेचे भव्य कुस्ती मैदान उभे केले. जो राजा विद्यार्थ्याला ताट वाढीत होता तोच मल्लाला खुराक देत होता. त्या शहराच्या हवेत ही गोष्ट राजर्षींच्या मागेही टिकून राहिली आणि तिचे फळ म्हणजे खाशाबा जाधव.

खाशाबांचे नाव आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. पण ते विद्यार्थी असताना काय घडले, ते पुन्हा एकदा नीट पाहण्यासारखे आहे. कराडजवळच्या गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. घरी कुस्तीची परंपरा होती. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. तेथील क्रीडाशिक्षकाने त्यांची ठेंगणी शरीरयष्टी पाहून वार्षिक स्पर्धेत घेण्याचे नाकारले. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळविली आणि आपल्याहून धिप्पाड मल्लांना चीत केले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. गादीवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीचा अनुभव गाठीशी नसतानाही खाशाबा सहावे आले.

यानंतर इतिहासाने एक वळण घेतले आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरण योग्यच होते, त्याविषयी वाद नाही. पण त्या दिवशी विद्यार्थी-खेळाडूचा जुना यजमान नाहीसा झाला आणि त्याची जागा कोणी घ्यावयाची, हे ठरलेले नव्हते. १९५२ साली हेलसिंकीस जावयाची वेळ आली तेव्हा खाशाबांना प्रथम निवडीसाठीच झगडावे लागले. मद्रासच्या स्पर्धेतील निर्णयाविरुद्ध त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकली. मग खर्चाचा प्रश्न आला. सरकारकडे मदत मागितली तर स्पर्धा उरकल्यावर भेटा, असे उत्तर मिळाले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, ओळखीच्यांनी शिधा बांधून दिला. आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटम वजनी गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले. कराडास शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीचे वर्णन सर्वजण करतात. आम्हांस त्यानंतरची गोष्ट अधिक मोलाची वाटते : परत आलेल्या या वीराने कुस्त्यांचे फड भरवून पैसा जमविला आणि खर्डेकरांचे घर सोडविले. १९५५ साली ते पोलिस खात्यात फौजदार झाले, १९८४ साली अपघातात वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर, २००० सालचा म्हणून मिळाला.

ज्याचे घर गहाण पडले तो गुरू थोर, यात शंका नाही. पण गुरूचे घर गहाण पडल्यावाचून शिष्य परदेशी जाऊ शकत नाही, ही व्यवस्था थोर म्हणता येईल काय? गुरूच्या त्यागाचे गोडवे गाताना हा प्रश्न आपण नेहमी बाजूस सारतो.

याच कोल्हापुरात एक विद्यार्थी असा होऊन गेला की त्याचा आपल्या जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. कर्मवीर भाऊराव पाटील हे जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. अंगाने बळकट, कुस्तीचे शौकीन, अभ्यासात यथातथाच. मिस क्लार्क वसतिगृहाच्या, म्हणजे अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या, समारंभास ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. तेव्हा त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. मॅट्रिकची परीक्षा काही ते उत्तीर्ण झाले नाहीत. ज्ञातीच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या या पैलवान विद्यार्थ्याने पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे शाहू बोर्डिंग काढले. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही हकीकत सांगताना आम्हांस किंचित संकोच वाटतो. पण वसतिगृहाच्या नियमात न बसणाऱ्या मुलाकडून समाजाचे किती मोठे काम होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

रयतेच्या शाळा नगर जिल्ह्यात तालुक्यातालुक्यांत पसरल्या, १९६० साली श्रीरामपुरास बोरावके महाविद्यालय निघाले. त्यापूर्वी १९४७ साली डॉ. भास्करराव हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय काढले होते. १९४७ पर्यंत मॅट्रिकनंतर शिकावयाचे तर पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे, आणि खेळाडू असेल तर तो जिल्ह्याला कायमचा अंतरे. ‘कमवा आणि शिका’ या कर्मवीरांच्या योजनेने हजारो निर्धन मुलांना शिक्षण दिले. पण शेतात राबून फी फेडणाऱ्या मुलाच्या अंगी मैदानावर धावण्याचे त्राण उरत नाही, हेही खरे.

आपल्या जिल्ह्याचे भौगोलिक रूप या बाबतीत फार निष्ठुर आहे. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिला. अकोल्याच्या मुलाला जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी शहरात यावयाचे तर शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास घडतो. जामखेडचा मुलगा दुसऱ्या टोकाला. उत्तरेस १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, कालवे खेळले, ऊस आला, १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि कारखान्यांच्या पाठोपाठ शाळा, महाविद्यालये, मैदाने झाली. दक्षिणेस पाथर्डी, जामखेड, कर्जत हे अवर्षणाचे तालुके. तेथील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास उसाच्या तोडणीला निघतात ती चैत्रापर्यंत परतत नाहीत. शालेय स्पर्धांचा ऐन हंगाम आणि उसाचा गाळप हंगाम एकमेकांवर येतात. तालुक्यात पहिला आलेला धावपटू जिल्ह्याच्या स्पर्धेच्या दिवशी एखाद्या कारखान्याच्या अड्ड्यावर कोयता घेऊन आईबापांबरोबर उभा असतो. त्याची अनुपस्थिती क्रीडाशिक्षकाच्या वहीत ‘गैरहजर’ एवढ्याच शब्दाने नोंदली जाते.

नगर-आष्टी रेल्वे २०२२ साली सुरू झाली. तिच्या पलीकडच्या टोकाला, बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे हा याच कोरड्या मुलखाचा पुत्र. आईबाप वीटभट्टीवर राबणारे, शाळा सहा-सात किलोमीटरांवर. मुलगा ते अंतर रोज चालत-धावत तोडी. बारावी झाल्यावर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनच्या बर्फातही राहिला, आणि धावपटू म्हणून पुढे आला तो सैन्यात गेल्यावर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी, ही त्याची कामगिरी. या यशाबद्दल आम्हां सर्वांस अभिमान आहे. परंतु शाळेच्या पटावर असताना त्याचे पाय कोणास दिसले नाहीत आणि सैन्याच्या भोजनगृहात पोटभर अन्न मिळाल्यावर ते दिसले, ही गोष्ट डोळ्यांआड करण्यासारखी नाही.

खुद्द आपल्या जिल्ह्याने भारताला दोन नामांकित क्रिकेटपटू दिले, आणि दोघांच्याही बाबतीत शाळेचे काम घराने केले. झहीर खान यांचा जन्म १९७८ साली श्रीरामपूरचा, शिक्षण तेथील हिंद सेवा मंडळाच्या शाळांतून. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. मुलगा अभ्यासात चांगला, अभियंता होण्याची वाट समोर मोकळी. आणि वडिलांनीच सांगितले की अभियंते देशात पुष्कळ आहेत, तू जलद गोलंदाज हो. सतरा-अठरा वर्षांचा हा मुलगा १९९६ च्या सुमारास मुंबईत आला, सुधीर नाईक यांच्या क्लबात खेळू लागला, मद्रासच्या एम. आर. एफ. संस्थेत गोलंदाजी शिकला आणि २००० साली भारतीय संघात आला. ९२ कसोटी सामन्यांत ३११ बळी, २०११ च्या विश्वचषकात २१ बळी, ही बेरीज सर्वांस पाठ आहे. मध्यमवर्गीय बापाने अभियांत्रिकीची हमी सोडून मुलाला चेंडूच्या भरवशावर मुंबईस धाडावे, हे धाडस मात्र कोणत्याही बेरजेत येत नाही. ते फळले म्हणून आपण त्याला दूरदृष्टी म्हणतो. त्याच वर्षी त्याच गाडीने मुंबईस गेलेली आणि दोन वर्षांनी पदवीही नाही आणि संघही नाही अशा स्थितीत परतलेली मुले होती, त्यांच्या बापांना गाव काय म्हणाले असेल?

अजिंक्य रहाणे यांचा जन्म १९८८ चा, संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा. वाढले ते डोंबिवलीस, कारण वडील मुंबईच्या बेस्टमध्ये नोकरीस. रिक्षाचे पैसे परवडत नव्हते तेव्हा आई एका कडेवर धाकटा मुलगा आणि दुसऱ्या हातात खेळाच्या साहित्याची पिशवी घेऊन अजिंक्यबरोबर कित्येक किलोमीटर चालत जाई, हे त्यांनी स्वत:च सांगितले आहे. सरावासाठी प्रथमच एकटे गाडीने जावयाचे होते, त्या दिवशी मुलाच्या नकळत वडील दुसऱ्या डब्यात बसून त्याच्यावर लक्ष ठेवीत गेले. २०२० च्या डिसेंबरात मेलबर्नला कर्णधार या नात्याने शतक काढणाऱ्या आणि पुढच्या महिन्यात ऑस्ट्रेलियात मालिका जिंकणाऱ्या या खेळाडूच्या मागे ती पायपीट आहे. गावाकडून मुंबईस गेलेल्या आपल्या किती कुटुंबांत अशी पायपीट झाली असेल आणि ती कोणत्याही विक्रमाच्या पुस्तकात गेली नसेल!

मुलींच्या बाबतीत तर पाहुणीला दोन नव्हे, तीन घरे असतात, आणि तिसऱ्या घरात ती पाहुणी नसून कामकरीण असते. पाणी, स्वयंपाक, धाकटी भावंडे हे सारे उरकून मैदानावर जावयाचे, आणि दिवेलागणीच्या आत परतावयाचे. सातारा जिल्ह्यातील माण हा तालुका आपल्या पाथर्डीसारखाच कोरडा; तेथील मोही गावची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत, धावत पुढे आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली. अशी मुलगी आपल्या ज्ञातीत नसेलच असे नाही. पण सोळाव्या वर्षी तिच्यासाठी स्थळे पाहावयास आरंभ होतो, आणि त्या वेळी ‘राज्यस्तरीय खेळाडू’ ही माहिती परिचयपत्रात लिहावी की लपवावी, यावर घरात खल होतो, हे आम्ही ऐकून आहोत.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दहावी-बारावीच्या खेळाडूंना वाढीव गुण मिळू लागले. २००५ पासून शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. २०१८ पासून ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडल्या गेलेल्या खेळाडूस दरमहा दहा हजार रुपये हातखर्चासाठी देण्याची तरतूद झाली. या सवलतींबरोबर बनावट प्रमाणपत्रांचा धंदाही उगवला, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. ज्याने कधी घाम गाळला नाही त्याने कागद मिळवावा, आणि ज्याचा गुडघा आखाड्यात गेला त्याला प्रमाणपत्रावरील एका सहीसाठी खेटे घालावे लागावे! परंतु याहून मूलभूत अडचण अशी की हे सारे साहाय्य निवड झाल्यानंतरचे आहे. राज्यपातळीवर पोहोचला की गुण, राष्ट्रीय पातळीवर पोहोचला की पैसा. बाराव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत, म्हणजे हाडे वाढण्याच्या आणि नादारी टिकविण्याच्या नेमक्या काळात, मुलगा घरच्या चरवीवरच अवलंबून असतो. खाशाबांना मिळालेले ‘स्पर्धा उरकल्यावर भेटा’ हे उत्तर आता अधिक सौजन्याने दिले जाते, इतकेच.

हा मधला काळ ज्ञातिसंस्थांच्या आटोक्यातला आहे, असे आमचे मत आहे, आणि म्हणूनच हा लेख आम्ही या स्मरणिकेसाठी लिहिला. आपल्या गुणगौरव समारंभात टक्केवारीच्या क्रमाने नावे पुकारली जातात. शिष्यवृत्तीच्या अर्जात मागील परीक्षेचे गुण, पालकांचे उत्पन्न, मूळ गाव, एवढेच रकाने असतात. त्यात ‘खेळ’ असा एक रकाना घालावा. वसतिगृहाचा दरवाजा पहाटे साडेचारला उघडण्याची आणि सायंकाळी तालमीतून उशिरा येणाऱ्याचे ताट झाकून ठेवण्याची व्यवस्था व्हावी. यास पैसा लागत नाही, आचाऱ्याची समजूत घालावी लागते. जो मुलगा जिल्हा किंवा त्यावरील स्पर्धेत खेळला आहे, त्याचे एक वर्ष बुडाले तर त्या एका वर्षापुरती शिष्यवृत्ती बंद करू नये. या शेवटच्या सूचनेस विरोध होईल, हे आम्ही जाणून आहो. नापास मुलास समाजाचा पैसा का द्यावा, असे ज्येष्ठ सभासद विचारतील. टिळकांच्या पहिल्या वर्षाचा दाखला आम्ही वर दिलाच आहे.

राहिला खुराक. एका मुलास रोज एक लिटर दूध धरले तर वर्षाचे ३६५ लिटर होते. वसतिगृहात असे दहा खेळाडू घेतले तर ३,६५० लिटर. संगमनेर, राहाता, कोपरगाव या भागांतील ज्या सभासदांच्या गोठ्यात दुभती जनावरे आहेत, त्यांनी आपापल्या डेअरीच्या पावत्या पाहून हा आकडा किती घरांत वाटता येईल त्याचा हिशेब मांडावा आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी कार्यवाहांकडे पाठवावा, अशी आमची विनंती आहे.